रफू आणि ठिगळ

फाटलेले वस्त्र दोन तऱ्हांनी नीट करता येते. रफू करणारा त्याच कापडाच्या कडेचे धागे काढून भोकावर असे विणतो की, पुढे ती जागा घरच्या माणसालाही सापडू नये. ठिगळ लावणारा निराळ्या कापडाचा तुकडा घेतो, भोकावर ठेवतो आणि चारी बाजूंनी टाके घालून मोकळा होतो. ती जागा दहा पावलांवरून दिसते. आपल्याकडे मान आहे तो रफूला. पैठणीला रफू करतात. ठिगळ गोधडीच्या वाट्याला येते. 'ठिगळ लावणे' हा शब्दप्रयोगसुद्धा आपण कमीपणानेच करतो, आणि इतकी वर्षे मीही तो तसाच करीत आलो. परंतु अलीकडे माझा डिजिटल कॅमेरा म्हातारा झाला, आणि त्याची दुरुस्ती करावी की त्याच्या जागी दुसरा आणावा, याचा विचार करता करता मला ठिगळाविषयी आदर वाटू लागला. तो कसा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मी चामोर्शीचा राहणारा. १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात आलो. आमच्या गावापासून जवळच, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा हे देवस्थान आहे. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा तेथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या जागेला पावित्र्य. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. देवळांच्या भिंती मूर्तींनी इतक्या गजबजलेल्या आहेत की, लोक मार्कंड्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे येऊन गेला आणि आपल्या अहवालात त्याने या देवळांची दखल घेतली. मुख्य देवळाचे शिखर वीज पडून ढासळले, असे सांगतात. विजेचे काम एका क्षणाचे असते, ऊनपावसाचे काम शतकांचे. ते दुसरे काम किती झाले, हे पाहण्याचा मला छंद आहे. जत्रेची गर्दी ओसरली की मी दरवर्षी त्याच चाळीसएक मूर्तींची, त्याच अंतरावरून, सकाळच्या त्याच उन्हात छायाचित्रे घेतो. २००७ सालापासून हे चालू आहे. कोणाचे नाक किती झिजले, कोणाच्या बाजूबंदाची नक्षी किती पुसट झाली, हे दोन चित्रे शेजारी ठेवली की कळते.

या कॅमेऱ्याच्या डोळ्यात काही वर्षांपूर्वी ठिपके दिसू लागले. आधी अंधाऱ्या सभामंडपातल्या चित्रांत एखादा लाल, एखादा निळा. मग उजेडातल्या चित्रांतही. भिंग पुसले, काही फरक नाही. भिंगावर झाकण घालून तीस सेकंदांचे चित्र घेतले. ते काळेकुट्ट यायला हवे होते. आले ते अमावास्येच्या आकाशासारखे. दोष भिंगात नव्हता, आतल्या सेन्सरमध्ये होता.

सेन्सर म्हणजे काय, हे आमच्या जंगलातल्या माणसाला समजावून सांगायचे तर मी पळसाच्या पानांचे द्रोण घेईन. एका मोठ्या शेतात एक कोटी द्रोण ओळीने मांडले आहेत अशी कल्पना करा. पावसाची एक सर येऊन गेली. मग प्रत्येक द्रोणात किती पाणी साचले ते मोजून कागदावर मांडले, तर कोठे किती पाऊस पडला याचा नकाशा तयार होईल. सेन्सरमध्ये पाण्याच्या जागी प्रकाश असतो आणि द्रोणांच्या जागी सिलिकनच्या वडीवरचे सूक्ष्म घर, म्हणजे पिक्सेल. ही युक्ती विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सुचली आणि तिच्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने सेन्सर वापरून हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात द्रोण होते अवघे दहा हजार. माझ्या कॅमेऱ्यात ते एक कोटी आहेत.

आता काही द्रोण असे निघतात की, पाऊस नसतानाही त्यांत पाणी पाझरते. सिलिकनमध्ये उष्णतेमुळे विजेचा असा बारीक पाझर सदैव चालू असतो, आणि तापमान सहा ते आठ अंश वाढले की तो सुमारे दुप्पट होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पौषातली पहाट बारा अंशांची आणि वैशाखातली दुपार चव्वेचाळीस अंशांची. या दोहोंत हा पाझर सोळापट ते चाळीसपट वाढतो. त्यातून अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचा मारा असतोच. त्यातला एखादा कण सिलिकनच्या मांडणीतला अणू जागचा हलवतो आणि तेवढे घर कायमचे पाझरू लागते. कॅमेरा कपाटात ठेवला तरी हे चुकत नाही. श्रीमंत-गरीब असा भेदही येथे नाही. २००५ साली अनेक नामांकित कंपन्यांचे कॅमेरे उष्ण आणि दमट हवेत एकाएकी आंधळे होऊ लागले. त्या सर्वांत सोनीने बनवलेले सेन्सर होते आणि त्यांतल्या बारीक तारांचे जोड सुटत होते. पुढे लायकाच्या अतिशय महागड्या एम-९ या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच गंजू लागली आणि कंपनीला ते सेन्सर बदलून द्यावे लागले. जो डोळा उघडला तो एक दिवस अधू होणार, एवढाच याचा अर्थ.

नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने मला उपाय सांगितला. "सर, सेन्सर बदलायचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त. आपण खराब पिक्सेलचं मॅपिंग करून देऊ. एकही ठिपका दिसणार नाही." मॅपिंग म्हणजे काय, हे मी खोदून विचारले. वाईट पिक्सेलांची यादी कॅमेऱ्याच्या स्मरणात लिहून ठेवायची. चित्र घेताना त्या पिक्सेलने काय सांगितले ते कॅमेरा ऐकतच नाही. त्याऐवजी तो शेजारच्या पिक्सेलांना विचारतो, त्यांच्या सांगण्याची सरासरी काढतो आणि ती रिकाम्या जागी भरतो. थोडक्यात, त्याच कापडाचे धागे घेऊन केलेले रफू!

मी तेथे थबकलो. जे दिसले नाही ते दिसल्यासारखे लिहून ठेवायचे, याला काय म्हणावे?

घाईने त्याला असत्य म्हणता येत नाही, कारण धडधाकट कॅमेराही मोठ्या प्रमाणावर हेच करीत असतो. सेन्सरला मुळात रंग कळत नाही; उजेड किती एवढेच कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एका रंगाची चकती बसवतात: निम्म्यांवर हिरवी, पावांवर तांबडी, पावांवर निळी. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बेयरची. तिचे पेटंट १९७६ चे. तांबड्या चकतीखालच्या पिक्सेलला तांबडा तेवढा दिसतो. हिरवा आणि निळा किती असेल, हे तो शेजाऱ्यांवरून ठरवतो. म्हणजे आपण हौसेने काढलेल्या प्रत्येक रंगीत चित्रात रंगांचा एक हिस्सा प्रत्यक्ष आणि दोन हिस्से अनुमान! आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणे वेगवेगळी मोजली, पण अनुमानाला त्यांनी खोटे म्हटले नाही. धूर पाहून अग्नी सांगणारा माणूस लबाड नसतो.

आणि कॅमेऱ्याचे कशाला, तुमच्या-माझ्या डोळ्याचेही तेच आहे. फराळाची ताटे उचलल्यावर मुलांना जवळ घेऊन एक प्रयोग करा. पिवळ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर शाईचे दोन ठिपके काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावून पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातली मज्जातंतूंची जुडी जेथून बाहेर पडते, तेथे डोळा आंधळा असतो. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हे दाखवून दिले. परंतु गंमत पुढेच आहे. ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, पिवळा कागद दिसतो. मेंदूने शेजारच्या पिवळ्या धाग्यांनी रफू केलेले असते, आणि जन्मभर त्याने आपल्याला ते कळू दिलेले नसते.

तेव्हा रफू हे पाप नव्हे. मग माझे मन का खात होते?

एक उदाहरण आमच्या जंगलातलेच घेतो. वाघांची मोजणी आता आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते. २०१८ च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर चित्रे घेतली. वाघ ओळखतात तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. एवढेच नव्हे, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही निराळे. समजा, चित्रात पट्ट्याचा एक तुकडा पुसट आला आणि यंत्राने शेजारच्या पट्ट्यांवरून तो 'सुंदर' जुळवून दिला. चित्र पाहणाऱ्याला आनंद होईल. पण मोजणी करणाऱ्याच्या हातात कदाचित असा वाघ येईल, जो जंगलात नाहीच.

हे केवळ तर्कट नाही. २०२३ साली एका गृहस्थाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम अंधुक केलेले चित्र ठेवले आणि एका प्रसिद्ध फोनने त्याचा फोटो काढला. फोनने चंद्रावर विवरे काढून दिली! समोरच्या चित्रात ती नव्हतीच. चंद्र ओळखला की त्यावर तपशील चढवायचे, असे त्याला शिकवलेले होते. कोजागरीच्या रात्री आटीव दुधाच्या भांड्यावर फोन धरून आपण जो चंद्र घरी आणतो, त्यातला किती आपल्या गच्चीवरून दिसलेला असतो, हा प्रश्न तेव्हापासून मला सुटत नाही. शेजाऱ्याला विचारून भोक भरणे निराळे आणि भलत्याच गावच्या माणसाला विचारून भरणे निराळे.

मार्कंड्याच्या मूर्तींपुढे हा प्रश्न माझ्यासाठी खरा होतो. एखाद्या सुरसुंदरीच्या डोळ्याच्या कडेला उद्या दगडाची बारीकशी कपची उडाली आणि नेमकी ती जागा त्या मुक्या पिक्सेलवर आली, तर माझा दुरुस्त कॅमेरा तेथे शेजारचा धड दगड भरून देईल. अशी गाठ पडणे लाखात एखादे वेळी घडेल, हे मला कळते. पण दरवर्षी मी तेथे जातो तो झीज पाहायला. आणि झीज लपवणे हाच ज्याचा गुण, त्याला सोबत न्यायचे म्हणजे चोरालाच पंचनाम्याला बसवण्यासारखे आहे.

येथवरचा विचार दगडांचा आणि वाघांचा होता. घरातला प्रसंग याहून अवघड निघाला. आमची आई २०२१ साली गेली. भिंतीवर लावायला तिचे चांगले चित्र पाहू लागलो, तेव्हा २०१६ च्या भाऊबीजेच्या संध्याकाळी घेतलेले सर्व कुटुंबाचे एक चित्र सापडले. पणत्यांचा उजेड, शटर बराच वेळ उघडे, आणि आई कधी नव्हे ती हसत होती. तिचा चेहरा मोठा करून घेतला, तेव्हा तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक बारीक तांबडा ठिपका दिसला. वडील १९९४ साली गेल्यापासून आईने कुंकू लावले नव्हते. तांबड्या चकतीखालचा एक पाझरणारा पिक्सेल नेमका तेथे येऊन बसला होता.

स्टुडिओवाला म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे जी, काढून टाकतो."

धाकटी बहीण म्हणाली, "राहू द्या भाऊ. तिला तेवढं तरी मिळालं."

मोठे दादा म्हणाले, "आईनं जे सत्तावीस वर्षं लावलं नाही, ते आपण तिच्या पाठीमागं कसं लावायचं?"

दोघेही आईवरच्या मायेने बोलत होते, म्हणून कोणाला चूक म्हणावेसे वाटेना. मी विचार केला तो असा. ठिपका काढून टाकला तर त्या जागी कपाळाची शेजारची कातडी भरली जाणार, तेही रफूच. पण त्या जागी काय होते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. कॅमेऱ्याने पाहिले नसले तरी आम्ही रोज पाहिले होते. ज्या भोकाखाली काय होते याची दुसरीकडून खात्रीची साक्ष आहे, ते भोक बुजवणे हे खोटे नव्हे. उलट तो ठिपका तसाच ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला कुंकू म्हणून दाखवणे, ही आईच्या तोंडी तिने न उच्चारलेला शब्द घालण्यासारखी गोष्ट झाली असती. म्हणून भिंतीवरच्या चित्रातला ठिपका काढला. बहिणीने मात्र ठिपक्याचे चित्र मागून घेतले आणि ते तिच्या घरी आहे. तो ठिपका कशाचा, हे ती मुलांना सांगते. सांगते म्हणूनच मला त्यात वावगे वाटत नाही. आईच्या पिढीच्या बायांचे कुंकू का पुसले जावे, हा तिचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चित्रात शोधण्याचे कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून ही चाल बंद केली. ते उत्तर जिवंत बायांसाठी होते.

जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांनी या प्रश्नाचा आपल्या परीने केव्हाच निवाडा केलेला आहे. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली जतनाची नियमपुस्तिका काढली. तिचा रोख असा की, जे उरले आहे ते सांभाळा. गेलेले नक्षीकाम कल्पनेने पुन्हा कोरू नका. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे जगभरचे जाणकार जमले आणि त्यांनी जी सनद केली, तिच्यातही हेच सूत्र आहे: जेथून अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा भाग बसवावाच लागला, तर तो जुन्याशी विजोड नसावा, पण नीट पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखू यावा. म्हणजे ठिगळच की! तुकडा बेताच्या रंगाचा घ्या, टाके सारखे घाला, परंतु टाके दिसू द्या. गोधडी शिवणाऱ्या आमच्या आजीला व्हेनिस कोठे आहे हे ठाऊक नव्हते, पण तिच्या गोधडीत कोणते लुगडे कोणाचे, हे पन्नास वर्षांनीही सांगता येत असे.

यावर कोणी म्हणेल, अशा काटेकोरपणाने संसार चालायचा नाही. पाहुण्यांपुढे घरातले भांडण झाकायचे नाही का? आजारी माणसाला धीर देताना शब्दांचे रफू करायचे नाही का? अवश्य करावे. अंगावर घालायच्या वस्त्राला रफूच शोभते. लग्नातल्या चित्रातला नवरदेवाच्या नाकावरचा फोड पुसला, तर कोणाचे काही बिघडत नाही. पण ज्या वस्त्राचा उद्या पुरावा म्हणून उपयोग होणार, ज्यावर विसंबून दुसरा माणूस काही ठरवणार, त्याला ठिगळच लावले पाहिजे. वैद्याचा कागद, मोजणीचा नकाशा, हिशेबाची वही, इतिहासाचे पान आणि माझी मूर्तींची चित्रे ही सारी त्या जातीची. तेथे रिकामी जागा रिकामी दिसावी, किंवा निदान भरलेली आहे असे दिसावे.

एवढे ठरल्यावर नवा कॅमेरा निवडणे सोपे झाले. नागपूरचा भाचा म्हणाला, "मामाजी, फोनच घ्या. सगळं तोच नीट करतो." सगळे तोच नीट करतो हीच माझी अडचण, हे त्याला समजावताना जरा वेळ लागला. मला हवा होता असा कॅमेरा, जो सेन्सरची कच्ची नोंद, म्हणजे ज्याला छायाचित्रकार 'रॉ' म्हणतात ती, हातात देईल आणि त्याची स्वतःची सारवासारव बंद करू देईल. किती कोटी पिक्सेल, याकडे मी फारसे पाहिले नाही. वापरलेला, पण निगुतीने ठेवलेला एक कॅमेरा दुकानात पसंत पडला. वाचकांपैकी कोणाला जुना कॅमेरा घ्यायचा असेल, तर त्यांनी एवढे करावे: पडदा चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटे तो तापू द्यावा, भिंगावर झाकण घालावे, तीस सेकंदांचे चित्र घ्यावे आणि ते मोठे करून पाहावे. मी पाहिले, सात ठिपके होते. दुकानदार ओशाळून म्हणाला, "सर, मॅपिंग करून देतो." मी म्हटले, "राहू द्या. कुठे आहेत ते कळले, पुरे झाले."

खरोखरच पुरे होते. पाझरणारा पिक्सेल पुष्कळदा आंधळा नसतो. त्याला दिसते, फक्त दिसण्यात स्वतःची थोडी भर पडते. चित्र घेतल्यावर लगेच तेवढाच वेळ झाकण घालून दुसरे, काळे चित्र घ्यायचे आणि पहिल्यातून ते वजा करायचे. बराचसा दोष जातो. येथे शेजाऱ्याची साक्षही लागत नाही. आपल्याच अंधाराचा हिशेब मांडायचा आणि तेवढा बोलण्यातून कमी करायचा. माणसाला हे जमेल की नाही, ते मी सांगू शकत नाही, यंत्राला जमते.

जुना कॅमेरा मोडीत काढला नाही. भरउजेडात तो अजून चांगले पाहतो. यंदा रांगोळ्यांची आणि किल्ल्यांची चित्रे घेण्यासाठी तो मुलांच्या हातात दिला आहे, आणि त्यातल्या ठिपक्यांना मुलांनी नावेही ठेवली आहेत.

नव्यासाठी मात्र मी एक वही घातली आहे. आमच्या गावचे व्यापारी पाडव्याला नवी वही सुरू करतात. त्याच सकाळी भिंगावर झाकण घालून मी एक काळे चित्र घ्यायचे आणि वहीत नोंद करायची, असा नेम ठरवला आहे. पहिली ओळ लिहून झाली. सेन्सर कारखान्यातून निघतानाच त्याची काही मुकी घरे मोजून, रफू करून पुढे पाठवतात, हे आता मला ठाऊक आहे. म्हणून तारीख आणि तापमान लिहिल्यावर पुढे 'ठिपके सात' असे लिहिले नाही. 'दिसणारे ठिपके सात' असे लिहिले.